शामरावची कोरडी खोली

आमचा शेजारी शामराव कावळ्यालेही "कट!" म्हणते.

सकाळी त्याच्या खिडकीतून ही आरोळी आली की गल्लीनं समजून घ्यायचं, कॉम्प्युटरात गाणं भरणं सुरू आहे. खोकलायचं नाही, कुकर लावायचा नाही. माझी कोंबडी अंडं देऊन ओरडली तर शामराव भिंतीवरून डोकं काढते. "भाऊ, तिले समजावून सांगा ना, दुसरं कडवं चालू आहे!"

त्याचा जन्म मँगनीजच्या खाणीत गेला. सुरुंगांनी डावा कान नेला. रिटायर झाल्यावर यानं गिटार घेतली, माइक घेतला, कॉम्प्युटर घेतला. म्हटलं, "अबे, ऐकू येत नाही अन् हे कायले?"

"हेडफोन लावला का मुंगी चालली तरी समजते, भाऊ. लय आवाज खाल्ला, आता निवडून खाऊन राहिलो."

आधी गिटार भरते, मग ती कानात ऐकत त्यावर गाते, मग दोन्ही जुळवत बसते. "गिटार वरण, गळा भात. वरण जास्त झालं का भात पोहते."

पण खोली घुमायची. "आवाज कोरडा पायजे," म्हणून भिंतींवर पोती, चादरी टांगल्या. माइकमागची मोठी कथडी माझ्या बायकोनं दिली, स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली. "ने, पण बेसूर गाऊ नको," म्हणाली.

पुढं बायको गेली. आमच्यात गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. पोरांनी सगळं कारध्याच्या घाटावर नेऊन वैनगंगेत सोडलं. तेरवी झाल्यावर रिकाम्या खाटेवर बसलो, तेव्हा आठवलं, एक कथडी वाचली आहे.

सरळ त्याच्या दारात गेलो. "माझी कथडी दे."

त्याचं अर्धं गाणं भरून झालेलं होतं. तरी त्यानं कथडी खिळ्यावरून काढली, घडी घातली, दिली.

दुसऱ्या दिवशी गाणं ऐकू आलं, बादलीत तोंड घालून गावं तसं. तीनदा "कट" झालं, मग चूप. दोन दिवस चूप. गल्लीत कुकर मोकळ्या शिट्ट्या मारत होते अन् मलेच करमेना.

तिसऱ्या दिवशी कथडी घेऊन गेलो. "टांग. पण मी इथंच बसणार."

"बसा भाऊ. फक्त श्वास हळू घ्या."

कथडीकडं तोंड करून बसलो. ती धानाच्या रोवणीले नेसायची ते हिरवं लुगडं बरोबर मधोमध. शामराव गायला लागला. दुसऱ्या कडव्यात माझा हुंदका सुटला, चांगला मोठा. म्हटलं, आता म्हणते कट.

त्यानं डोळे मिटले अन् पुढची ओळ घेतली. शेवटपर्यंत गायला.

"पुन्हा भर," मी म्हणालो. "माझा आवाज आला त्यात."

"आला," तो म्हणाला. "राहू द्या."

अन् खिडकी उघडून गल्लीले ओरडला, "झालं! लावा कुकर!"