झोपाळा नव्हे, बंगई

झाडेकाका कोथिंबीर खात नाहीत. सांभार मात्र त्यांना जुडीच्या जुडी लागतो. दोन्ही एकच, हे अख्ख्या नागपूरला ठाऊक आहे. पण रामदासपेठेतल्या आमच्या इमारतीखाली एका नव्या दुकानदाराने टोपलीवर ‘कोथिंबीर’ अशी पाटी लावली, तेव्हा काकांनी आठवडाभर बिनसांभाराचं वरण खाल्लं. "कोथिंबीर आपल्या इकडे पिकतच नाही," ते त्याला म्हणाले. "सांभार आला का सांगजो."

शेवटी त्याने पाटी बदलली. काकांशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं असतं.

काका माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. सगळी उमर गांधीबागेच्या बाजारात कापड विकण्यात गेली. पॉपलीनला नुसतं ‘कॉटन’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासमोर ते ताका उलगडायचे नाहीत. "नाव नीट घ्या, मग भाव विचारा," हे त्यांचं वाक्य तिथलंच.

जुनं घर सोडून ते फ्लॅटमध्ये आले, तेव्हा त्यांची बंगई टांगायला छताला कड्याच नव्हत्या. सागवानी फळी, पितळी साखळ्या, दोन माणसं ऐसपैस बसतील अशी. त्यांनी ती शहराच्या इतिहासाच्या संग्रहालयाला दिली. हे संग्रहालय दोन जुन्या हवेल्यांत आहे. मधली भिंत फोडून त्या एक केल्या आहेत. एकीत ढाली-तलवारी, दुसरीत घरगुती सामान. दुसरीच्या दिवाणखान्यात बंगई टांगली गेली, पुढे लाल दोरी आली आणि पाटी लागली : ‘झोपाळा. सागवान.’

तेव्हापासून दर रविवारी काका मला गाडी काढायला लावतात.

"भाऊ, हे काय लिहिलं?" ते रखवालदाराला विचारतात.

"मागच्या रविवारी सांगितलं न काका. झोपाळा."

"याच्यावर कोणी झोपते का?"

"नाही जी."

"मग झोपाळा काहून?"

"काका, मी दिवसभर उभा राहतो. मले तर कशावरही झोप येते."

मग काका संग्रहालयाच्या बाईंना गाठतात. बाई फार सोशिक. "काका, बाहेरगावचे लोक येतात. पुण्याच्या माणसाला बंगई कळणार नाही."

"नाही समजलं तर त्यानं विचारावं जी. तेवढीच ओळख होते."

हे चालू असताना मी पलीकडच्या हवेलीत असायचो. लिहायला लाज वाटते, पण आपण यांच्यासोबत आलोय हे कुणाला कळू नये म्हणून मी तलवारींच्या मुठी बघत उभा राहायचो. एकदा बाईंनी थेट विचारलं, "हे काका तुमचे का?" मी म्हणालो, "शेजारी." तेही असं म्हणालो, जणू शेजारही दूरचाच आहे.

त्या दिवशी परतताना राहवलं नाही. म्हटलं, "काका, एका शब्दासाठी किती हेलपाटे? बंगई तर तुमचीच आहे, सगळ्यांना माहीत आहे."

काका काचेबाहेर पाहत म्हणाले, "तुह्या काकूले माहीत नाही."

काकूंना विसरायला होतं, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं काकांनी सांगितलं. आता त्या दिसेल ती पाटी मोठ्याने वाचतात, आणि पाटीवर असेल तेच त्यांच्यासाठी खरं. पहिल्याच आठवड्यात काका त्यांना बंगई दाखवायला घेऊन गेले होते. काकूंनी पाटी वाचली आणि म्हणाल्या, "हा झोपाळा हाय. आपली तर बंगई होती."

"तवापासून रोज संध्याकाळी विचारते, बंगई विकली का जी? मी म्हणतो, नाही वं. तिले पटत नाही. तिले माह्यापेक्षा पाटीवर भरोसा हाय."

 

पुढच्या रविवारी तलवारींकडे न वळता मी सरळ बाईंच्या खोलीत गेलो. म्हणालो, "ते काका माझे आहेत." मग सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मार्कर शोधला आणि तिथेच बसून पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात नवी पाटी लिहिली. नावाखाली बारीक अक्षरात पुण्याच्या माणसाचीही सोय केली.

मग आम्ही काकूंना नेलं. वाटेतलं प्रत्येक दुकान वाचत त्या आल्या. रखवालदार तलवारींजवळून उगाचच आमच्या मागोमाग आला. दोरीपुढे काकू थांबल्या.

"बंगई," त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. आणि एक पाऊल डावीकडे सरकल्या. काका त्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहिले. बंगईवरही ती बाजू त्यांचीच असावी.

"मले वाटलं तुम्ही विकली."

"नाही वं."

काकू फळीकडे, मग वर साखळ्यांकडे पाहत राहिल्या. "कड्याईले तेल देल्लं का?"

सगळ्या शहराला उत्तरं देणाऱ्या काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "उद्या देतो."

"उद्या, उद्या. जलमभर हेच."

रखवालदाराने इकडेतिकडे पाहिलं, दोरीवरून हात घातला आणि बंगईला हलकेच झोका दिला. कड्या वाजल्या.

"आयकलं?" काकू म्हणाल्या. "कुरकुरून राहिली."

"हाव वं," काका म्हणाले. "उद्या नक्की."