थांब म्हटलं की थांबणारी होडी

बायको गेल्यानंतर घड्याळजी पहिल्यांदा तळ्यावर गेले, त्या दिवशी त्यांना कळलं की आपली होडी जागेवर थांबत नाही.

ही बातमी त्यांना नवीन होती. इतकी वर्षं दर रविवारी ते गळ खांद्यावर टाकून पुढे चालत आणि बायको बाकीचं सामान घेऊन मागून येई. बाकीचं सामान म्हणजे काय, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. होडीतही तोच क्रम. ते पुढच्या फळीवर, तोंड पुढे करून. बायको मागच्या फळीवर, हातात वल्हं घेऊन. वाळक्या झाडाजवळचं लव्हाळं आलं की घड्याळजी मागे न बघता म्हणत, "थांब." मागे चुबुक असा आवाज होई आणि होडी थांबे.

या थांबण्याचं सगळं श्रेय ते स्वतःकडे घेत. कुणी दुकानात घड्याळ दुरुस्तीला आणलं की घड्याळ बाजूला ठेवून त्याला सांगत, "वारा बघायचा, पाण्याची ओढ बघायची आणि नेमक्या क्षणी थांब म्हणायचं. सगळा वेळेचा खेळ आहे." चुबुक आवाजाचंही त्यांच्याकडे उत्तर होतं. तो मोठा मासा. त्यांचा आवाज ओळखून जवळ येणारा.

त्या दिवशी ते सवयीनं पुढेच बसले. होडीनं नाक पाण्यात खुपसलं आणि शेपूट वर केलं. पुढे बसून एका वल्ह्यानं होडी सरळ जात नाही, हेही त्यांना तेव्हाच कळलं. नागमोडी जात ते लव्हाळ्यापाशी पोचले, वल्हं आत घेतलं, गळ उचलला आणि म्हणाले, "थांब."

होडी पुढे गेली.

"थांब," ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. चुबुक झालं नाही. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. मागची फळी रिकामी होती. ती रिकामी असणार हे त्यांना माहीत होतं, तरी ते बराच वेळ तिकडे बघत राहिले. तेवढ्यात होडी तळ्याच्या पलीकडे पोचून मेहुण्याच्या गळाच्या दोरीत अडकली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याची बेकरी होती. पहाटेची भट्टी उरकली की तो काठावर गळ टाकून बसायचा.

"दाजी, कुठं निघालात?"

"मी कुठं निघालोय? होडी निघालीय. मी नुसता बसलोय."

"मग थांबवा की."

"सांगितलं तिला. दोनदा."

मेहुण्यानं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "दाजी, होडीला सांगून काय होतंय? नांगर लागतो."

"आजवर लागला नाही."

"आजवर ताई होती," मेहुणा बोलून गेला, आणि मग दोघंही दोरीचा गुंता सोडवायला लागले.

मेहुण्याच्या पोटात पाव राहतो, पण गोष्ट राहत नाही. संध्याकाळी परगावाहून मुलीचा फोन आला.

"बाबा, एकटे पाण्यावर गेला होतात?"

"गेलो होतो. आलोही."

"मामा म्हणाला, तुम्ही होडीशी बोलत होतात."

"बोलत नव्हतो. सूचना देत होतो."

"ती होडी विकून टाका बघू."

होडी विकायची नव्हती. घरात बायको नाही हे प्रत्येक खोलीत दिसायचं. ओट्याजवळ दिसायचं, कपाट उघडलं की दिसायचं. होडीत मात्र ती कायम पाठीमागे असायची. तिथं पुढे तोंड करून बसलं की ती मागे आहे असं समजायला काहीच अडचण नव्हती. फक्त होडी थांबायला हवी होती. हे मुलीला फोनवर कसं सांगायचं? घड्याळजी म्हणाले, "होडी उत्तम आहे. तू ये, तुला थांबवून दाखवतो."

"येते. थांबली नाही तर विकायची. कबूल?"

"कबूल," घड्याळजी म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी नांगर घ्यायला गेले.

"किती पाणी आहे, काका?" दुकानदारानं विचारलं.

"माझ्या कमरेएवढं."

"आणि तळ कसा? रेती, खडक, की गाळ?"

"कधी विचारला नाही."

तळ माहीत नसलेल्या माणसाला काय द्यायचं, हे दुकानदाराला चांगलं माहीत होतं. त्यानं चार वाकड्या आकड्यांचा जाडजूड लोखंडी नांगर काढला. "हा कशालाही धरतो. एकदा धरला की सोडत नाही."

यात खोटं काही नव्हतं. नांगरानं वाळक्या झाडाचं पाण्यातलं मूळ धरलं आणि सोडलं नाही. होडी अशी थांबली की घरी जायची सोय उरली नाही. घड्याळजींनी पुढून ओढलं, मागून ओढलं, शेवटी मेहुण्याला हाका मारल्या. मेहुणा चालत आला. पाणी त्याच्याही कमरेएवढंच होतं. काठावर धुणं धुणाऱ्या बायका कपडे पिळायचं थांबवून बघत होत्या.

"दाजी, खाली उतरून चालत यायचं ना."

"होडी सोडून? कप्तान कधी सोडत नाही."

मेहुण्यानं दोरी कापली. नांगर तिथंच राहिला.

दुसरा नांगर उलट्या वाडग्यासारखा गोल होता. "आकडेच नाहीत, तर अडकेल कशात?" दुकानदार म्हणाला. तोही कशात अडकला नाही. गाळावरून आरामात घसरत राहिला. घड्याळजींनी तो होडीच्या नाकाला बांधला होता. वारा आला की नाक हळूहळू सरकायचं आणि बाकीची होडी नाकाभोवती फिरायची. मेहुणा काठावरून ओरडला, "दाजी, किती वाजले?"

घड्याळजींनी होडीची दिशा पाहिली. "सव्वातीन. पण मागे पडतंय."

घरी येऊन त्यांनी ओले कपडे खुर्चीच्या पाठीवर टाकले आणि हिशेबाला बसले. सगळी हयात बंद पडलेल्या वस्तू चालू करण्यात गेली. आता एक चालती वस्तू बंद करता येत नव्हती. आपण उलट्या धंद्यात शिरलो, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या खेपेला दुकानदारानं खोकंच पुढे ठेवलं. आत यंत्र होतं. होडीच्या मागच्या फळीला बसवायचं, बॅटरी जोडायची, रिमोटचं बटण दाबायचं. यंत्रातला दांडा सरळ खाली जाऊन गाळात रुततो. "उथळ पाण्याला याच्यासारखं दुसरं नाही. तुम्ही पुढे बसून नुसतं बटण दाबायचं. मागे बघायचीसुद्धा गरज नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून घड्याळजींनी खोकं उचललं.

मागची फळी मात्र बुटकी निघाली. यंत्राखाली टेकू हवा होता. घरभर लाकूड शोधताना त्यांना दारामागे उभी असलेली बांबूची लांब काठी दिसली. उंच दोरीवर कपडे वाळत टाकायला बायको ती वापरायची. ती गेल्यापासून कपडे खुर्च्यांवर वाळत होते, त्यामुळे काठीला काम नव्हतं. खालच्या टोकाला वाळका चिखल होता. 'एवढी नीटनेटकी बाई, आणि काठी बघा,' असं म्हणत त्यांनी तो खरवडला. वरच्या टोकाला निळ्या चादरीची पट्टी गाठ मारून बांधली होती. खिळ्याला टांगायला असेल. गाठ सुटेना, म्हणून ती तशीच ठेवून त्यांनी करवतीनं काठीचे तुकडे केले आणि यंत्राखाली बसवले. माप बरोब्बर आलं. घड्याळजी स्वतःवर खूश झाले. असं त्यांच्या बाबतीत झालं की पुढे काहीतरी होतं, हे बायकोला ठाऊक होतं. ती असती तर तिनं पाण्यावर जायचं टाळलं असतं.

रविवारी मुलगी आली. होडीत ती मधल्या फळीवर, मागे तोंड करून बसली. घड्याळजी पुढे बसले, रिमोट शर्टाच्या खिशात ठेवला आणि वल्हवायला लागले.

तळ्याच्या मध्यावर ते वल्ह्यावर वाकले आणि गुडघ्यानं खिशातलं बटण दाबलं गेलं. दांडा खाली गेला. होडी जागच्या जागी थांबली, घड्याळजी थांबले नाहीत. ते होडीच्या नाकावर पोट टेकून पाण्यात डोकावले.

"बाबा!"

"थांबली की नाही?" ते पडल्या पडल्या म्हणाले.

"थांबली. पण आपल्याला इथं थांबायचं होतं का?"

दांडा वर घेऊन ते लव्हाळ्यापाशी आले. घड्याळजींनी पुढे तोंड केलं, बटणावर अंगठा ठेवला, म्हणाले, "थांब," आणि दाबलं. दांडा घरघरत गाळात गेला. होडी थांबली. अगदी जागच्या जागी. पण अंगठा काही उठला नाही. त्यांना ऐकायचं होतं ते ऐकू आलं नव्हतं, आणि ते वाट बघत राहिले. दांड्याला खाली कडक तळ लागला. आणखी खाली जाता येईना, तेव्हा त्यानं होडीला वर उचलायला घेतलं. शेपूट हळूहळू पाण्याबाहेर आलं, नाक खाली गेलं आणि घड्याळजींच्या मांडीवर तळं आलं.

"अंगठा काढा, बाबा! अंगठा!"

अंगठा निघाला. होडी धपकन खाली बसली. दोघंही नखशिखांत भिजले. मुलगी आधी ओरडली आणि मग हसत सुटली. आई गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसता तिची नजर यंत्राखालच्या टेकूवर गेली आणि हसू तिथंच थांबलं.

"बाबा, ही निळी गाठ आईची आहे."

"हो. कपड्यांची काठी होती. टेकूला हवी होती म्हणून…"

"कापली?"

"माप बरोब्बर आलं," घड्याळजी म्हणाले. मग त्यांना मुलीचा चेहरा दिसला. "का गं?"

"आई हीच काठी गाळात रोवायची. आणि ही पट्टी होडीच्या त्या मागच्या कडीला अडकवायची. लहानपणी मी इथंच बसायचे ना, तिच्याकडे तोंड करून. तुम्ही थांब म्हणेपर्यंत ती काठी धरून वाट बघायची. तुम्ही विसरलात की मला हळूच म्हणायची, खोक. मी खोकले की तुम्ही दचकून म्हणायचात, थांब."

घड्याळजी ओल्या विजारीचा पाय पिळायला लागले. "आणि तो चुबुक आवाज?"

"काठीचा."

"मी त्या आवाजाच्या दिशेनं मागे गळ टाकायचो."

"माहीत आहे. दोनदा आईच्या टोपीत अडकला होता."

"मला सांगायचं नाही का कुणी?"

"मी विचारलं होतं तिला. म्हणाली, राहू दे, दुकानात सांगायला माणसाला काहीतरी हवं."

घड्याळजींनी मागच्या फळीकडे पाहिलं. आता ती पुरी रिकामी नव्हती. तिच्यावर यंत्र होतं, आणि त्याच्याखाली त्यांनी स्वतःच्या हातानं मापात कापलेला नांगर.

"एवढे नांगर आणले," ते म्हणाले, "आणि घरात होता तो कापून त्यातल्याच एकाच्या खाली घातला. माझ्यासारखं गिऱ्हाईक त्या दुकानदाराला पुन्हा मिळायचं नाही."

परतताना मुलगी मागे जाऊन यंत्राला खेटून बसली आणि वल्हं तिनं घेतलं. घड्याळजी पुढच्याच फळीवर बसले, पण मागे तोंड करून. त्यामुळे काठ कधी आला ते त्यांना कळलं नाही आणि होडी धक्क्यावर आपटली.

"थांब म्हणायचं ना, बाबा!" मुलगी म्हणाली.

होडी विकायची नाही असं ठरलं. यंत्र काढून ठेवलं. काठीचे तुकडे त्यांनी दुकानात नेले, सांधून पाहिले, पण धरत नाहीत. नवी लांब काठी आणायची आहे. ती अजून आणलेली नाही, आणि कपडे खुर्च्यांवरच वाळताहेत.