कुत्र्याला वळसा घालणारा राजमार्ग

माणूस पुढे निघून जातो आणि रस्ता मागे राहतो, हे गंभीर सत्य ज्यांना पहिल्यांदा उमगले त्यांनी लुप्त मार्ग शोध कार्यालय स्थापन केले. मध्ययुगातले हरवलेले रस्ते आणि शेते विमानातून छायाचित्रे घेऊन हुडकायची, हे त्याचे काम. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला पायाखालचे दिसत नाही (हा अनुभव घरबसल्या घेता येतो), म्हणून वर जावे लागते. जुन्या रस्त्याची माती दबून घट्ट झालेली असते. कोरड्या वर्षी तिच्यावरचे पीक खुरटते, आणि वरून पाहिले की हिरव्या शेतात एक फिकट रेघ दिसते. रेघ दिसली की वैमानिक फोटो काढतो, कार्यालय अहवाल काढते आणि शेताचा मालक गळा काढतो.

रस्त्याचे वय ठरवण्याची रीतही शास्त्रशुद्ध आहे. प्राचीन रस्ते वरच्या मजल्यावरच्या कार्यालयाकडे जातात; त्यांचे आणि आपले बोलणे बंद आहे. आधुनिक रस्ते बांधकाम खात्याकडे असतात. ते तर जमिनीवरूनही सापडत नाहीत. उरला तो प्रत्येक रस्ता मध्ययुगीन. या रीतीत आजवर एकही चूक निघालेली नाही, कारण चुका काढणारे कार्यालय अजून स्थापन व्हायचे आहे.

अशा कार्यालयाचा कणा म्हणजे भिंगराव. गळ्यात सदैव भिंग लटकलेले, म्हणून हे नाव. खरे नाव पगाराच्या दिवशी निघत असे. छायाचित्र टेबलावर पसरून ते त्यावर ओणवे झाले की शेजारी आग लागली तरी त्यांना कळत नसे (एकदा लागली होती, कळले नाही). पण गेली कित्येक वर्षे त्यांच्या भिंगाखाली नळाचे चर, गुरांच्या वाटा आणि काचेवर बसलेला एक केस याखेरीज काही आले नव्हते. कार्यालय बंद करण्याची भाषा सुरू झाली होती. आणि अशा वेळी ती रेघ आली.

रेघ देखणी होती. मोठ्या रस्त्यावरून निघून गव्हाच्या शेतातून तिरकी जात होती, मध्येच एक सुबक अर्धवर्तुळाकार वळसा घेत होती, आणि एका घराच्या मागच्या दाराशी संपत होती. भिंगरावांनी लाल पेन्सिलीने तिच्यावर खूण केली आणि आनंदाने त्यांचे डोळे भरून आले. संचालकांनी तिला ‘राजमार्ग’ म्हटले. वळशाबद्दल तीन मते पडली : बुरूज, तलाव आणि जकातनाका. मतदान होऊन जकातनाका निवडून आला. रस्ता घराच्या दाराशी संपत नसून घरच रस्त्यावर बांधले आहे, तेव्हा घराचा तेवढा भाग पाडून खाली खणावे, असा ठराव झाला. ठरावाला भिंगरावांनी अनुमोदन दिले.

जागेची पाहणी करायला सगळे गेले. रेघेवरून मान खाली घालून चालत, वळसा घेत भिंगराव मागच्या दाराशी पोचले. दार उघडले आणि आतून आवाज आला, “अरे, आज कसा काय? आणि ही वरात कोणाची?”

दारात ताई उभी होती.

आईमागे भिंगरावांना जिने लहानाचे मोठे केले ती हीच ताई. ते घर त्यांनी झोपेतही ओळखले असते, पण जमिनीवरून; वरून ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. दर रविवारी ते बसमधून उतरून शेतातून तिरके येत आणि ताईच्या स्वयंपाकघरात जेवत. वाटेत शेजाऱ्यांचा कुत्रा लांब साखळीला बांधलेला असे, म्हणून साखळीच्या टप्प्याबाहेरून वळसा. पुढे बसचा थांबा हलला, कुत्रा म्हातारा होऊन मेला, ताईने वाट नांगरून गहू पेरला. भिंगराव विसरले. गहू विसरला नाही.

इकडे आड, तिकडे विहीर. बोलावे तर कार्यालय बुडते, न बोलावे तर ताईची चूल. भिंगरावांना स्वतःची लाज वाटली, आणि त्यांनी त्यांच्या नोकरीतले एकमेव धाडस केले.

“साहेब, हा राजमार्ग नाही. ही माझी वाट आहे. मी इथून जेवायला यायचो.”

“आणि हा वळसा?” संचालकांनी विचारले.

“कुत्रा होता.”

“चावरा?”

“फार.”

मग संचालकांनी भिंगरावांचे दोन्ही हात हातात घेतले. “भिंगराव, याला म्हणतात पुरावा! म्हणजे मध्ययुगापासून तुमच्यापर्यंत ही वाट अखंड वापरात होती. जकातनाक्यावर पहाऱ्याचा कुत्रा होता, हेही सिद्ध झाले.”

“पण साहेब, माझ्याआधी इथे वाटच नव्हती!”

“तुम्ही तिथे होतात का?”

आपले म्हणणे वरून पाहिले तर कसे दिसते, याचा भिंगरावांनी विचार केला नव्हता.

स्वयंपाकघर पाडले. खाली राजमार्ग निघाला नाही, पण वळशापाशी खणल्यावर गंजलेली साखळी सापडली. ती आता काचेच्या पेटीत आहे : ‘जकातनाक्याची साखळी, मध्ययुगीन’. कार्यालय वाचले, भिंगरावांना बढती मिळाली. त्यांनी ती नाकारली नाही. ताईने फक्त एवढेच म्हटले, “यापुढे येशील तेव्हा मोठ्या रस्त्याने, फिरून ये रे बाबा.” ते तसेच येतात, आणि अंगणात मांडलेल्या स्टोव्हपाशी ताटावर मान खाली घालून जेवतात. वर बघायचे त्यांनी सोडले आहे.

राजमार्ग मात्र लोकप्रिय झाला. तुम्हीही तिथे गेला होतात. फलक वाचलात, साखळीपुढे उभे राहून “काय लोक होते तेव्हाचे!” म्हणालात, आणि परत जाताना राजमार्ग फार वळसा घेतो म्हणून ताईच्या उरलेल्या गव्हातून सरळ बसकडे गेलात. तुमच्यामागून इतरही गेले.

यंदाचे वर्ष कोरडे आहे. नव्या छायाचित्रात ती दुसरी रेघ छान उमटली आहे, आणि ती ताईच्या उरलेल्या दोन खोल्यांना अगदी चिकटून जाते. जाणकारांच्या मते तो सैन्याचा मार्ग असावा.