हेल्प वाचली का?

मल्लूअण्णांना काहीही विचारा, उलटा प्रश्न ठरलेला: "हेल्प वाचली का?" एकदा टपरीवर चहावाल्याने साखर किती टाकू म्हणून विचारलं, तर त्यालाही हेच.

निलंग्याचे मल्लिकार्जुन बिराजदार आमच्या लातूरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. ढीगभर फायलींमधला कोड जोडून चालता प्रोग्रॅम तयार करायचा, याला आम्ही बिल्ड म्हणतो. काळ्या स्क्रीनवर कमांड टाकली की बिल्ड सुरू होतो, आणि कमांडपुढे 'हेल्प' लिहिलं की माहिती येते. ही माहिती एरवी कोरड्या इंग्रजीत असते. अण्णांनी ती काढून स्वतःची घातली होती.

"टेस्ट: धा मिनिटं लागतेत. तवर चहा पिऊन ये. बघत बसल्यानं लवकर व्हत न्हाई."

"रिलीज: प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडं जातोय. शुक्रवारी सांजच्याला चालवू नको. लई पस्तावशील."

'क्लीन'ची ओळ मात्र माझी कृपा. नवीन असताना मी दिवसभराचं काम भलत्याच फोल्डरमध्ये ठेवलं आणि क्लीन चालवलं. सगळं साफ! अण्णा रागावले नाहीत. निमूटपणे लिहायला बसले: "क्लीन: बिल्डच्या फोल्डरमधलं समदं पुसतंय. तुझं काही तिथं असंल तर आधी उचल."

साहेब वैतागायचे. "बिराजदार, ही हेल्प आहे की सासूबाई?"

"साहेब, पोरं इचारायला लाजतेत. वाचायला कुणी लाजत न्हाई."

सगळ्यात खाली त्यांचा मोबाइल नंबर होता आणि एक ओळ: "एवढं वाचूनबी न्हाई कळलं, तर अण्णाला फोन लाव. कवाबी."

साठी झाली तसे अण्णा नोकरी सोडून निलंग्याला राहायला गेले. वहिनी वारलेल्या, मुलगी हैदराबादला. परवा एका लग्नासाठी निलंग्याला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. मिक्सरवर, गॅसवर, पाण्याच्या मोटरीवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. "मोटर: टाकी भरली की बंद कर. इसरू नको." घरात वाचणारे ते एकटेच.

"बिल्ड नीट चालतोय का?" त्यांनी विचारलं.

"एकदम! तुमची हेल्प अशी आहे अण्णा, की कुणाचं काही अडतच नाही."

मी आपलं कौतुकानं बोललो. अण्णांनी टेबलावरचा फोन उचलून उगीच पुसला. "हाव का. म्हणूनच म्हणलं, कुणाचा फोन कसा आला न्हाई."

मला स्वतःचीच लाज वाटली. लातूर येईपर्यंत एसटीत तेच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"अण्णा, ते क्लीन काही कळंना."

"हेल्प वाचली का?"

"वाचली. न्हाई कळली."

"ती ओळ तुझ्याचमुळं लिहिली की रे," अण्णा म्हणाले. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बरं, सांगतो. पहिल्यापासून सांगू?"

"पहिल्यापासून सांगा," मी म्हणालो.