तीर्थाच्या हातातली बदाम राणी

माझ्या उजव्या तळहातात पत्ता लपवलाय की नाही, हे ब्रह्मदेवालासुद्धा ओळखता यायचं नाही! बढाई नाही मारत, सहा महिने घाम गाळलाय. पत्ता तळहातात बसवायचा, बोटं किंचित वाकवायची आणि चेहरा असा ठेवायचा की आपण भाजी आणायला निघालोय. सोपं वाटतं ना? करून बघा! पहिले दोन महिने माझे पत्ते वरणात पडत होते.

मोबाइलवर हातचलाखी शिकवणारे उस्ताद म्हणाले होते, "इक्कीस दिन पत्ता हाथ में रखो. खाओ, पियो, काम पे जाओ. हाथ खुद भूल जाएगा." झालं! मी बदाम राणी हातात घेऊन दिल्लीतल्या द्वारकेहून गुडगावला ऑफिसला जाऊ लागलो. मेट्रोच्या तपासणीत जवानाने पट्टा काढायला लावला, डबा उघडायला लावला, पण राणी काही त्याला सापडली नाही.

एकविसावा दिवस उजाडला तो नेमका आमच्या सत्यनारायणाचा. आणि त्याच दिवशी प्रसादाला येणार होती आमच्या वल्लरीच्या होणाऱ्या सासरची माणसं. मुलगा यशराज तिच्याच कंपनीतला. वडील संपतराव सैन्यात सुभेदार मेजर, मूळचे साताऱ्याकडचे, मुक्काम दिल्ली कॅन्टोन्मेंट. आज होकार मिळायचा होता.

"बाबा, प्लीज!" वल्लरीने आठ दिवस आधीच हात जोडले. "त्यांच्याकडे पत्त्यांचं नावसुद्धा नको. यशराजच्या आईंना बिल्कुल चालत नाही यार!"

कल्पनाने, म्हणजे माझ्या बायकोने, पत्त्यांचा जोड सरळ कपाटात कोंडला आणि किल्ली कमरेला लावली. पण राणी आधीच माझ्या उशीखाली होती! पूजा होईपर्यंत मी तिला सुट्टी दिली. आरती झाली, भटजी पुढच्या पूजेला पळाले, आणि मी राणी तळहातात बसवली. एकवीस दिवसांचं व्रत शेवटच्या दिवशी कोण मोडतं हो?

पाहुणे आले. मी दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला. राणी आत, वर माझी दहा बोटं. कुणाला काही कळलं नाही! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात कल्पना तीर्थाचं भांडं घेऊन आली. सगळ्यांना पळीपळीने तीर्थ देत माझ्यापुढे उभी राहिली. अहो, तीर्थ घ्यायला उजवा तळहातच पसरावा लागतो! सहा महिन्यांत हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी डावा हात पुढे केला.

"अहो, उजवा!" कल्पना दटावून म्हणाली.

"उजवा... जरा..."

"जरा काय?"

"उघडत नाहीये," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं!

संपतराव ताडकन उठले. "उघडत नाही? हसून दाखवा!"

मी हसलो. घाबरलेला माणूस जसा हसतो तसा, एका बाजूने.

"तोंड वाकडं झालं! अर्धांगाचा झटका आहे! यशराज, लिफ्ट!"

कल्पनाच्या हातून पळी पडली. वल्लरी "बाबाऽऽ" करून रडायला लागली. मी "अहो, काही नाही" म्हणेपर्यंत सुभेदार मेजरांनी मला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं होतं. तळमजल्यावरच डॉक्टर अनुराग यांचा दवाखाना. आता डॉक्टर मूठ उघडणार, राणी पडणार, आणि लेकीचं लग्न मोडणार! लिफ्टमध्ये मला दरदरून घाम फुटला. खरंच झटका येतो की काय असं वाटलं.

आणि नेमका माझ्या हाताखाली संपतरावांच्या जाकिटाचा खिसा उघडा दिसला. बोटं हललीसुद्धा नाहीत. राणी आत गेली! खांद्यावर उलटा लटकलेला असताना! उस्तादांनासुद्धा जमलं नसतं!

डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला. "बिल्कुल ठीक है जी. टेन्शन मत लीजिए."

वर आलो तर गिरिजाताईंनी, म्हणजे यशराजच्या आईंनी, देवापुढे हात जोडले. "सत्यनारायण पावला हो भाऊ! आता बोलणी करूनच टाकू." कल्पनाने डोळे पुसले. संपतरावांचेही डोळे भरून आले. त्यांनी रुमालासाठी जाकिटाच्या खिशात हात घातला, रुमाल झटकन ओढला, आणि बदाम राणी गिरक्या घेत थेट शिऱ्याच्या ताटाशेजारी येऊन पडली. उताणी!



"पुन्हा?" गिरिजाताईंचा आवाज फाटला. "जेजुरीला बेल-भंडारा उचलून पत्ते सोडायची शपथ घेतली होतीत! यशराजच्या बारशाला पत्ते कुटत बसलात म्हणून! आणि आज पूजेला खिशात पत्ता?"

"अगं, शपथ! हा माझा नाही!" सीमेवर उभा राहिलेला तो माणूस मागे सरकत भिंतीला टेकला.

वल्लरी माझ्याकडे बघत होती. मला गप्प बसता आलं असतं. पण जो माणूस मला खांद्यावर घेऊन धावला, त्याला मी असा मरू देऊ? माझ्याच्याने राहवलं नाही.

"ताई, तो पत्ता माझा आहे," मी उभा राहिलो. "मी हातात लपवला होता. लिफ्टमध्ये मीच यांच्या खिशात टाकला."

 गिरिजाताईंनी डोळ्याला पदर लावला.

"किती मोठं मन हो तुमचं! ह्यांची अब्रू राखायला स्वतःवर आळ घेताय?"

"अहो नाही, खरंच!"

"मुरलीधरराव!" संपतरावांनी मला कडकडून मिठी मारली. "असा व्याही मिळायला भाग्य लागतं!"

मला धक्क्यावर धक्के! "थांबा, करून दाखवतो!" म्हणून मी राणी उचलली. पहिल्यांदा ती पायावर पडली. दुसऱ्यांदा शिऱ्यात पडली. तिसऱ्यांदा तुपामुळे ती जी सटकली, ती थेट संपतरावांच्या कपाळावर!

"राहू द्या भाऊ," गिरिजाताई मायेने म्हणाल्या. "हे काही तुमचं काम नव्हे."

लग्न मार्गशीर्षात ठरलं. बोलण्यांसाठी व्याही घरी येतात, तेव्हा गिरिजाताई दारातच आधी त्यांचे सगळे खिसे तपासतात, मगच चपला काढू देतात. संपतराव बिचारे हात वर करून माझ्याकडे केविलवाणे बघतात. मी खाली बघतो. काय करू? खरं काय ते कधीच सांगून बसलोय!