रेणापुरातलं पोर्तुगाल

"तुळजा, गाळा आपलाच समज!" अण्णाराव गुरुजींनी बायकोला जाहीर केलं आणि चहाची बशी अशा थाटात खाली ठेवली, जणू गाळ्याची किल्ली त्यांच्या खिशातच होती.

तुळजाबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर लोकरीची लड होती आणि तिचा गुंडा करायला समोर कुणीतरी दोन हात पसरून बसायला हवं होतं. लड हातांत अडकवायची आणि गप्प बसायचं, एवढंच काम. पण बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसानं हात पसरून बसायचं? आणि वर गप्प? गुरुजींना ते कधीच पटलं नाही. त्यामुळे गेली वीस वर्षं हे काम घरातली एक लाकडी खुर्ची बिनतक्रार करत आली होती.

गाळ्याची भानगड अशी. तुळजाबाईंचा रेणापूरचा बचत गट बाळंतविडे विणायचा. टोपडं, मोजे, स्वेटर. आपल्याकडे थंडी मोजून पंधरा दिवस, पण बाळाच्या कानाला वारं लागेल ही आजीची भीती बारमाही! त्यामुळे माल खपायचा. फक्त तो लातुरात रस्त्याकडेला, पथारीवर खपायचा, आणि उन्हात लोकर मांडून बसलेल्या बाया बघूनच गिऱ्हाइकाला घाम फुटायचा. आता तिथल्या बाजारात एक पक्का गाळा निघाला होता. शटर, पाटी आणि चक्क पंखा! तो एकाच गटाला मिळणार होता आणि निवड करायला बचत गटांचं काम बघणाऱ्या अधिकारी महामाया मॅडम येणार होत्या. तुळजाबाईंनी वीस वर्षांत हजारभर टोपडी विणली असतील, पण स्वतःच्या पाटीखाली, सावलीत बसून एकही विकलं नव्हतं. गाळ्याचा विषय निघाला की त्यांचे टाके जरा घट्ट यायचे.

"माल काय, सगळेच दाखवतील," गुरुजी म्हणाले. "आपण उगम दाखवू!"

"कसला उगम?"

"विणकामाचा! आठ दिवस मोबाईलवर अभ्यास केलाय मी. तू धागा उजव्या हातानं सुईवर टाकतेस, ती इंग्लंडची पद्धत. तुमच्या गटातली चांगुणा धागा डाव्या बोटावर धरते आणि सुईनं उचलते, ती जर्मनीची. आणि सिंधु धागा मानेमागून घेते ना? पोर्तुगाल!"

"सिंधु? तिनं अजून नांदेड बी बघितलं न्हाई!"

"तिनं नसेल बघितलं, तिच्या धाग्यानं बघितलंय! पोर्तुगालहून गोवा, गोव्याहून सोलापूर, सोलापूरहून लातूर!"

तुळजाबाईंनी सुस्कारा सोडला. "पाच मिनटं बोला अन् खाली बसा. लई झालं."

पण गुरुजींनी पाच मिनिटांत कधी हजेरीसुद्धा घेतली नव्हती. त्यांनी जगाचा नकाशा काढला, छडी पुसली आणि तिघींच्या पदराला लावायला देशांच्या नावाच्या चिठ्ठ्या केल्या. विणकामाचं मूळ एकच, हे दाखवायला तिन्ही लोकरीचे गुंडे मधोमध एका टोपलीत ठेवायचे, ही कल्पनाही त्यांचीच. शेवटी तिघींना सक्त ताकीद दिली, "वीज जाऊ दे, टाळ्या पडू देत, मला काहीही होऊ दे. हात थांबवायचे नाहीत!"

"न्हाई थांबवत, गुरुजी," चांगुणा आणि सिंधु एका सुरात म्हणाल्या.

निवडीच्या दिवशी लातूरचं सभागृह खचाखच भरलं होतं. मंचावर तीन खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, मधे टोपली आणि टोपलीतून तीन दिशांना निघालेले तीन धागे. लाल इंग्लंडकडे, पिवळा जर्मनीकडे, हिरवा पोर्तुगालकडे. गुरुजी छडी घेऊन त्या गोलातच उतरले. शिकवताना फिरायची सवय! इंग्लंडवरून जर्मनी, जर्मनीवरून पोर्तुगाल, पोर्तुगालवरून पुन्हा इंग्लंड. बोलायच्या भरात त्यांनी टोपलीभोवती किती प्रदक्षिणा घातल्या, हे त्यांना कळलं नाही. त्यांच्या पायांना मात्र कळत होतं.

"आता धागा मानेमागून कसा जातो, ते मी स्वतः दाखवतो!" असं म्हणून त्यांनी सिंधुचा हिरवा धागा उचलला आणि आपल्या मानेवर टाकला.

तिघी विणतच होत्या. समोर मॅडम बसलेल्या, त्यामुळे हात जास्तच सपासप चाललेले. सुलट, उलट, सुलट, उलट! एकेका टाक्याला धागा आखडत गेला. आधी गुरुजींचे गुडघे एकमेकांना चिकटले. मग मान पोर्तुगालकडे कलली. मग लाल आणि पिवळ्या धाग्यानं डावा हात अंगाशी बांधला आणि माईक हातातून निसटून मंचाखाली गडगडत गेला.

गळ्याशी आखडलेल्या धाग्यामुळे गुरुजींनी डोळ्यांनीच "थांबा, थांबा" केलं.

"थांबू का गं?" चांगुणा कुजबुजली.

"येडी का काय! काय बी झालं तर थांबायचं न्हाई म्हणलेत!" सिंधुनं वेग वाढवला.

सभागृहात हशा पिकला. शेजारच्या गटातल्या बाया तर बाकावर आडव्या झाल्या. गुरुजींना हशाचं काही वाटलं नाही. त्यांनी तुळजाबाईंकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांची सुई टाक्यात तशीच थांबली होती. गाळा गेला, गुरुजींच्या मनात आलं, आणि तो माझ्या तोंडानं गेला!

तेवढ्यात मॅडम उठून मंचावर आल्या. गुरुजींना वळसा घालून त्या थेट चांगुणाजवळ गेल्या. "मावशी, डाव्या हातात धागा कुणी शिकवला? जर्मनीनं?"

"कशाची जर्मनी, बाई! माझ्या उजव्या मनगटाला म्हशीचं दावं राहतंय. हात उचलला की तिला वाटतंय निघायचं. चालाया लागती! म्हणून धागा डाव्या हातात."

"आणि तुम्ही हो?"

"मी शेळ्या राखताना विणते," सिंधु म्हणाली. "करडू गुंडा पळवतंय. धागा मानंवरनं घेतला की तिकडनं ओढल्यालं इकडं कळतंय. डुलकी बी काढता येती!"

मॅडम खळखळून हसल्या. मग तुळजाबाईंकडे वळल्या. "आणि तुमचं इंग्लंड?"

तुळजाबाई अडखळल्या. "वीस वर्सं झाली. डावा हात पिलास्टरमधी व्हता, दवाखान्यात. नुसती बोटं भाईर. एका सिस्टरनं सुया दिल्या. डाव्या हातानं सुई धरायची अन् समदं काम उजव्यानं करायचं. तीच सवय पडली."

"हात कशानं मोडला?"

"ह्यांच्या स्कूटरवरनं पडले. चालवता चालवता ह्यांनी हँडल सोडून हात लांब केला, अन् म्हणले, ती बघ, बालाघाटची रांग!"

म्हणजे रेणापुरातल्या इंग्लंडचा उगम दोरीला बांधलेल्या बैलासारखा मंचावरच उभा होता!

मॅडमनी तिघींच्या हातातलं विणकाम घेतलं, ताणून पाहिलं, उलटं करून पाहिलं. "धागा धरायची तऱ्हा तिघींची तीन, पण टाका बघा, अगदी एकसारखा. रंग सोडला तर कोणतं कुणाचं, ओळखू येत नाही." मग त्यांनी कात्री मागवली. "आधी ह्यांना सोडवू."

"कातर नगं!" तुळजाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की माईकची गरजच उरली नाही. "धागा तुटला की गाठ येती. बाळाच्या कानाला टोचंल ती! आवो, गिरक्या घ्या. उलट्या!"

गुरुजी उड्या मारत फिरू लागले. एक, दोन, तीन! सभागृह मोजू लागलं. चांगुणानं पिवळा सोडवला, सिंधुनं हिरवा, तुळजाबाईंनी लाल. सतराव्या गिरकीला गुरुजी मोकळे झाले आणि टोपलीशेजारी मटकन बसले. एकही धागा तुटला नव्हता!

"माझी माय आमच्या उमरी गावात अशीच विणायची," मॅडम म्हणाल्या. "गाठ दिसली की सगळं उसवायची. गाळा तुमचा! हा गट काही वाया जाऊ देत नाही. नवरासुद्धा!"

टाळ्यांनी छत दणाणलं. तुळजाबाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदमच. इंग्लंड, जर्मनी आणि पोर्तुगाल गळ्यात गळे घालून मंचावर फुगडीच घालायचे बाकी होते.

आता गाळ्यावर पाटी आहे, "तुळजाबाई बाळंतविडा केंद्र". पंखा जोरात फिरतो. ती लाकडी खुर्चीही लातूरला आली आहे, पण आता तिच्यावर स्वतः तुळजाबाई बसतात. समोरच्या स्टुलावर अण्णाराव गुरुजी दोन्ही हात पसरून बसलेले असतात आणि हातांत लोकरीची लड असते.

परवा एका गिऱ्हाईक बाईनं कौतुकानं विचारलं, "गुरुजी, इंग्लंडची पद्धत रेणापुरात आली तरी कुठनं हो?"

गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांनी घसा खाकरला आणि दिशा दाखवायला उजवा हात सवयीनं वर निघाला.

"आवो!" तुळजाबाई म्हणाल्या. "हात!"

गुरुजींनी हात गुपचूप जागेवर आणला.