वाठोरे सर आणि मेलेली बॅटरी

आमच्या शेजारच्या वाठोरे सरांनी एकदा खोकल्याच्या औषधाची बाटली अंगणात उभं राहून इतका वेळ हलवली, की रस्त्यानं जाणारा दूधवाला सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "सर, ताक करून राहिले काय?" बाटलीवर लिहिलं होतं, 'वापरण्यापूर्वी चांगले हलवावे.' चांगले म्हणजे किती, हे लिहिलेलं नव्हतं. म्हणून सरांनी आपल्याकडून कसूर ठेवली नाही.

छापील सूचना दिसली की ती पाळल्याशिवाय सरांना चैन पडत नसे. आगपेटी, बियाण्याची पिशवी, साबणाचा कागद, एसटीतल्या पाट्या, सगळं ते चष्मा कपाळावर सरकवून आणि नाक टेकवून वाचायचे. 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं लिहिलेली वस्तू घरात आली की मे महिन्यात त्यांची झोप उडायची. आमच्या कळमनुरीच्या उन्हाळ्यात थंड जागा एकच, माठाखालची वाळू, आणि ती कोरडी नसते. कुणी हसलं तर त्यांचं वाक्य ठरलेलं होतं, "लिहिणाऱ्यानं उगंच लिहिलं काय?"

सर आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. मी मराठीची. ते निवृत्त झाले, मी अजून खडूच झिजवत होते. त्यांच्याबरोबरच चित्रकलेचे हमीद सरही निवृत्त झाले. त्यांना सगळी कळमनुरी हमीदभाई म्हणायची. दोघांची मैत्री अशी की निवृत्तीनंतर दोघं एकाच जीपनं नांदेडला गेले आणि एकाच दुकानातून एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन लॅपटॉप घेऊन आले. पोरांसाठी प्रयोगांची पुस्तिका करायची होती. सर मजकूर लिहिणार, हमीदभाई चित्रं काढणार. रोज संध्याकाळी हमीदभाई फाटकातून "जयभीम" म्हणत यायचे आणि सर आतून "सलाम आलेकुम" म्हणायचे. ओसरीवर दोन खुर्च्या, त्यातली वेताची हमीदभाईंची. वहिनी नातू सांभाळायला औरंगाबादला असायच्या, त्यामुळं दिवसभरात सरांशी बोलणारं माणूस म्हणजे वेताच्या खुर्चीतलं तेवढं एकच.

ती खुर्ची रिकामी झाली, ती एका छापील ओळीमुळं.

हमीदभाईंच्या लेकीचं, नसरीनचं लग्न होतं. पत्रिकेत खाली छापलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.' हे वाक्य आपल्याकडं सगळेच छापतात आणि कुणीच मनावर घेत नाही. छापण्यात यजमानाचा मोठेपणा, आणि तरीही काखेत डबा मारून जाण्यात पाहुण्याचा. हमीदभाईंनी मोठ्या प्रेमानं सरांना हॉलच्या दारावर उभं केलं. "आलेल्याला तूच या-बसा म्हण. तुझ्यावाचून कोण हाय मला?" सरांनी या-बसा केलं, आणि ज्याच्या हातात डबा दिसेल त्याला पत्रिका उघडून ती ओळही दाखवली. लोक हसले, काही कुरकुरले, डबे परत गाडीत गेले. तेवढ्यावर निभावलं असतं. पण मग वसमतहून नवरीचे सख्खे मामू आले, टेम्पोत लोखंडी कपाट घालून. भाचीसाठी मुद्दाम बनवून घेतलेलं, आरसा बसवलेलं कपाट. सरांनी टेम्पोपुढं उभं राहून पत्रिका वर धरली. मामूंनी ती वाचली, तसेच टेम्पोत बसले आणि कपाटासकट वसमतला परत गेले. जेवलेसुद्धा नाहीत.

आत नसरीन मामू कुठं आहेत म्हणून रडत होती. हमीदभाई बाहेर आले. सगळ्यांदेखत हात जोडले आणि म्हणाले, "वाठोरे सर, तुमी आता घरी जा." जन्मभर अरे-तुरे करणारा माणूस 'तुमी' म्हणाला, तेच सरांच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला, वेताच्या खुर्चीवर सरांचं मांजर बसायला लागलं.

एका रविवारी सकाळी सरांनी मला हाक मारली. "बाई, जरा इकडं या. यंत्राची तब्येत बिघडून राहिली."

बिघाड खरा होता. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता आणि वरची बाजू इतकी तापली होती की पापड भाजून निघाला असता. सरांनी नेट कॅफेतून कंपनीच्या सूचना छापून आणल्या होत्या. पंख्यावरचा उपाय म्हणजे बायोस नावाची गोष्ट नवी करून घ्यायची.

"बायोस म्हणजे काय हो, सर?"

"मशीन चालू केलं की सगळ्यात आधी जे जागं होतंय ते. घरातल्या बाईवानी. ते उठून बाकीच्यांना उठवतंय. आता त्यालाच नवीन शिकवायचं म्हणल्यावर मधातच काही बिनसलं तर घर कधी उठायचंच न्हाई. मशीन दगड होऊन जाईल."

सूचना त्यांनी मला वाचून दाखवल्या. विजेची वायर जोडलेली असावी. बॅटरीही जोडलेली असावी आणि भरलेली असावी. काम सुरू झाल्यावर मधे बंद करू नये. मग पेन ड्राइव्ह लावून त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली. बॅटरी सापडत नाही, म्हणून अपडेट करता येत नाही.

"बघा," सर म्हणाले. "बॅटरी मेली."

मी म्हटलं, आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, तिथं आणून करा आणि व्हा मोकळे. सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना बिनतिकिटाचं एसटीत बसायला सांगितलं. "लिहिणाऱ्यानं उगंच लिहिलं काय?" मग म्हटलं, नांदेडहून नवी आणा. म्हणाले, मागवायला महिना लागतो, तोवर पंखा जळून जाईल. नंतर ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले.

"अशीच बॅटरी कळमनुरीत अजून एक हाय," ते म्हणाले. "पण मी कोणत्या तोंडानं मागू? तुमी मराठीच्या बाई. तुमाला शब्द जमतेत."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आपल्याला पंख्याची घरघर ऐकवायला बोलावलेलं नाही.

हमीदभाई अंगणात कुंड्या रंगवत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, निथळला, पुन्हा बुडवला. "मेली म्हणे? त्याची बॅटरी? सूचना वाचून वाचून वापरून राहिला असंल, तरी मेली? अजीब हाय." मग आत जाऊन स्वतःची बॅटरी काढून आणली. तिच्या पाठीवर एक बारीकसं बटण होतं, ते दाबलं की जेवढी भरलेली तेवढे हिरवे दिवे लागायचे. त्यांनी दाबून मला दाखवलं. ओळीनं पाच दिवे लागले. "बराबर भरेली हाय. पण ही एकटी नाही यायची, बाई. त्या माणसाचा काय भरोसा? कुठं 'दुसऱ्याची बॅटरी घेऊ नये' असं लिहेलं सापडलं तर तसाच वसमतला पाठवून देईल. मीच येतो."

बॅटरी धुतलेल्या रुमालात बांधून हमीदभाई निघाले. फाटकात मात्र ते जयभीम म्हणाले नाहीत, आणि आतून सलामही आला नाही. मांजराला उठवून सरांनी वेताची खुर्ची उपरण्यानं पुसली आणि तिच्याकडं न बघता बाजूला झाले.

पुढचा सगळा कारभार माझ्या तोंडून चालला.

"बाई, हमीद सरांना सांगा, बॅटरी बसवतानी खटका वाजला पाहिजे."

"बाई, त्यांना सांगा, माझ्याकडं पण हेच मशीन हाय."

"बाई, लोडशेडिंगचं टाइमटेबल बघितलं म्हणावं. आज दुपारी लाईट जात न्हाई."

"बाई, टाइमटेबलवर ह्यांचा लई भरोसा. लाईटला वाचता येतंय का, इचारा."

मी दोघांमधली टपालपेटी होऊन बसले होते. हसू आवरत नव्हतं, आणि दोघांच्याही कानशिलात एकेक मारावी असंही वाटत होतं. शेवटी खटका वाजला, सरांनी बटण दाबलं आणि पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. तिघंही तिच्याकडं बघत बसलो.

पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली आणि पडदा काळा झाला. पंखा एकदम घोंघावत सुटला. आणि त्याच वेळी छतावरचा पंखा मंद होत थांबला, शेजारचा रेडिओ बंद पडला. टाइमटेबल राहिलं बाजूला, लाईट गेली होती.

"गेलं!" हमीदभाई खुर्चीतून उठलेच. "वाठोरे, बंद कर ते! जळंल!" आणि त्यांनी बटणाकडं हात घातला.

सरांनी त्यांचं मनगट धरलं. "हात लावू नको, हमीद! लिहिलंय. पडदा काळा पडंल, पंखा जोरात फिरंल. घाबरू नका, बंद करू नका, वाट पाहा."

"कवापर्यंत?"

"ते लिहिलं न्हाई."

मशीन आता फक्त हमीदभाईंच्या बॅटरीवर जगत होतं. सरांनी मनगट सोडलं नाही, आणि हमीदभाईंनी सोडवून घेतलं नाही. टपालपेटीची कुणाला गरज उरली नव्हती. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"हमीद," सर काळ्या पडद्याकडंच बघत म्हणाले, "मामूचा अपमान करायचा म्हणून नव्हतं रे केलं."

"माहीत हाय. पत्रिका मीच छापली होती." हमीदभाईंचा आवाज खाली आला. "कपाट पोचलं पोरीला. मामूनं दुसऱ्याच दिवशी थेट सासरी नेऊन दिलं. पोरगी हसली, मामू हसला. राग फक्त माझ्याजवळ उरला होता. पण वाठोरे, लिहेलं सगळंच तसं नसतंय. आहेर आणू नका म्हणायचं, आणि कोणी आणला तर दोन्ही हातांनी घ्यायचा. रीत असतीय."

"मग तसं लिहायचं ना!" सर म्हणाले. डोळ्यांत पाणी उभं होतं आणि स्वर मात्र वर्गात रागावल्यासारखा. हमीदभाई आधी फुसकन हसले, आणि मग पोट धरून हसत राहिले.

तेवढ्यात मशीन एकदा वाजलं. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उगवलं, पंखा कुरकुरत निवला, आणि ओसरीवर इतकी शांतता झाली की मांजराचं चाटणं ऐकू यायला लागलं. सर घाईघाईनं चहा टाकायला आत गेले.

हमीदभाईंनी मशीन बंद केलं, उलटं करून आपली बॅटरी काढली. सरांची मेलेली बॅटरी कोनाड्यात वर्तमानपत्रावर ठेवली होती. सवयीनं त्यांनी ती उचलली आणि पाठीवरचं बटण दाबलं.

पाचच्या पाच हिरवे दिवे लागले.

मी बघितलं. हमीदभाईंनीही बघितलं. म्हणजे सकाळी सरांनी खटका सैल ठेवून बॅटरी बोटभर बाहेर ओढली होती, आणि मला बोलावून चौकट दाखवली होती. छापील अक्षर न मोडणाऱ्या माणसानं सूचनेप्रमाणं बॅटरी काठोकाठ भरून ठेवली होती, आणि मग धडधडीत खोटं बोलला होता. एकट्या ओसरीवर त्याला हे असं किती दिवस सुचत आलं असेल!

हमीदभाईंनी दिवे विझेपर्यंत बॅटरी तळहातावर धरली. मग ती हळूच पालथी ठेवून वर वर्तमानपत्र ओढलं.

सर कप घेऊन बाहेर आले. "काय म्हणते बॅटरी?" त्यांनी कपाकडंच बघत विचारलं.

"साफ मेली," हमीदभाई म्हणाले. "न्हाई उठायची. आता मलाच यावं लागतंय बघ रोज, माझी घेऊन. पुस्तिका तर करायची का न्हाई?"

चहा संपवून, आपली बॅटरी काखेत मारून, रुमाल खांद्यावर टाकून ते निघाले. फाटकाशी वळले आणि म्हणाले, "जयभीम." आतून सलाम यायला जरा वेळ लागला.

नंतर एकदा, हमीदभाई यायच्या आधी, मी सरांना छेडलं. म्हटलं, सर, त्या बॅटरीचं बटण एकदा दाबून तरी बघा, न जाणो जिवंत असेल. सर कसल्याशा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दिवे काहीबी दाखवतेत, बाई," ते म्हणाले. "हमीद मेली म्हणला ना? मग मेली."